‘ओन्ली’ म्हणजे नेहमीच ‘च’ नव्हे

एकदा कामाच्या पत्रात मी लिहिलं, ‘आय विल सेंड द रिपोर्ट ऑन मंडे ओन्ली.’ मनातलं वाक्य होतं, ‘अहवाल सोमवारीच पाठवतो.’ म्हणजे अगदी नक्की, पुढे ढकलणार नाही. पत्र वाचणाऱ्याची मराठीशी कधी गाठ पडली नव्हती. त्यानं अर्थ काढला तो असा : सोमवारच्या आधी मिळणार नाही, उगाच मागू नका. मी दिलं होतं वचन, त्याच्या हाती पडला नकार. उत्तर जरा तुटकच आलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शाळेत आपण ‘ओन्ली म्हणजे फक्त’ असं पाठ करतो, आणि ते बरोबरच आहे. पण बोलताना आपण ‘फक्त’चं इंग्रजी करत नसतो, ‘च’चं करत असतो. आणि ‘च’ हे भलतंच कामसू अक्षर आहे. जुन्या मराठीत ते ‘चि’ होतं, तोचि, तेथेचि असं. आकारानं आखडलं, पण कामं काही कमी झाली नाहीत. त्यातलं एखाददुसरंच काम ‘ओन्ली’ला जमतं. बाकीची आपण त्याच्या गळ्यात मारतो आणि तिथे गाडी अडते.

‘ओन्ली’ची अशी योजना निव्वळ चूक म्हणावी का? मी म्हणणार नाही. भारतीय इंग्रजीत ती इतकी रुळली आहे, आणि इतक्या नेमाने होते, की भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे जोर दाखवण्याची एक स्वतंत्र रीत म्हणून पाहतात. हिंदीतला ‘ही’ही तेच करतो. आपापसात ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण समोरच्याच्या भाषेत ‘च’ नसेल तर त्याला आपला जोर ऐकूच येत नाही, फक्त मर्यादा ऐकू येते. पुढच्या पायऱ्या त्या प्रसंगासाठी.

पायरी पहिली : ‘च’ काढा, ‘फक्त’ घाला

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातलं मराठी वाक्य पकडा. त्यातला ‘च’ काढून त्याच शब्दाआधी ‘फक्त’ ठेवा. अर्थ तोच राहिला तर ‘ओन्ली’ चालेल. बदलला, तर ‘ओन्ली’ नको.

‘माझ्याकडे दोनच पेनं आहेत.’ फक्त दोन पेनं आहेत. अर्थ शाबूत. ‘आय हॅव ओन्ली टू पेन्स.’

‘मी तिथेच उभा होतो.’ आता म्हणा, ‘मी फक्त तिथे उभा होतो.’ काहीतरी बिनसलं. मला सांगायचं होतं की ज्या जागेबद्दल बोलणं चाललंय नेमका त्याच जागी मी होतो. इतर कुठे उभा नव्हतो, हा मुद्दाच नव्हता. इथे ‘ओन्ली’ बाद.

‘आजच पाठव.’ फक्त आज पाठव? म्हणजे उद्या-परवा पाठवू नको? छे, घाई दाखवायची होती. बाद.

या कसोटीला एक अपवाद आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘मला कालच कळलं.’ इथे ‘फक्त काल कळलं’ हे कानाला खटकतं, तरी इंग्रजीत ‘आय ओन्ली फाउंड आउट यस्टर्डे’ हे अगदी अस्सल वाक्य आहे. वेळेबरोबर आलेला ‘ओन्ली’ ‘त्याआधी नाही’ एवढं सांगतो. त्यासाठी आपल्याकडे दुसरी कसोटी आहे, ‘कुठे’ची. ‘काल कुठे कळलं मला!’ असं म्हणता येतंय ना? मग ‘ओन्ली’ बिनधास्त वापरा. ‘आत्ता कुठे पाऊस थांबलाय’ म्हणजे ‘इट हॅज ओन्ली जस्ट स्टॉप्ड रेनिंग’. याउलट ‘आज कुठे पाठव’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘ओन्ली’ही नाही. घडून गेलेल्या गोष्टींना ही कसोटी चांगली लागू पडते.

पायरी दुसरी : उरलेल्या ‘च’ला त्याचा त्याचा शब्द द्या

खरी मेहनत इथे आहे. इंग्रजीत ‘च’सारखं एक अक्षर नाही, पण ‘च’च्या प्रत्येक कामाला काही ना काही साधन आहे. कधी शब्द, कधी वाक्याची मांडणी, कधी नुसता आवाजाचा जोर.

नेमकेपणाचा ‘च’ आधी घेऊ. ‘तिथेच’साठी ‘राइट देअर’. ‘मी तिथेच उभा होतो’ म्हणजे ‘आय वॉज स्टँडिंग राइट देअर’. ‘हेच हवं होतं मला’ म्हणजे ‘धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड’. ‘तेच पुस्तक’ म्हणजे ‘द सेम बुक’. ‘दहाच्या ठोक्यालाच ये’ म्हणजे ‘कम ॲट टेन शार्प’. आणि ‘असंच असतं ते’ या आपल्या लाडक्या वाक्याला, ज्याचं आपण ‘इट इज लाइक दॅट ओन्ली’ करतो, इंग्रजीत ‘दॅट्स जस्ट हाउ इट इज’ असं सुटसुटीत रूप आहे.

माणसाकडे बोट दाखवणारा ‘च’ जरा वेगळा. ‘तूच म्हणाला होतास!’ याचं ‘यू ओन्ली सेड’ केलं तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत बसतो, कारण त्याला ते ‘तू फक्त एवढंच म्हणालास, की…’ असं ऐकू येतं. इंग्रजी इथे अख्खं वाक्य फोडून दोन तुकडे करतं : ‘यू आर द वन हू सेड इट’, किंवा ‘इट वॉज यू हू सेड इट’. एवढं लांबण लावायचं नसेल तर ‘यू’वर आवाज चढवा, झालं. पण ‘मी माझं मीच केलं’ यात मदत घेतली नाही हे सांगायचंय, म्हणून ‘आय डिड इट मायसेल्फ’.

सक्तीचा आणि खात्रीचा ‘च’ क्रियापदात मुरतो. ‘मला जायलाच हवं’ म्हणजे ‘आय रिअली हॅव टू गो’. ‘तो येणारच’ म्हणजे ‘ही इज बाउंड टू कम’. नकारातल्या ‘च’साठी ‘ॲट ऑल’ आहे. ‘मला ते आवडलंच नाही’, ‘आय डिडन्ट लाइक इट ॲट ऑल’. ‘मला माहीतच नव्हतं’साठी मात्र ‘आय हॅड नो आयडिया’ जास्त स्वाभाविक वाटतं.

आता ‘आजच पाठव’. ‘टुडे ओन्ली’ चुकीचं आहे असं कळल्यावर बरेच जण ‘टुडे इटसेल्फ’वर उडी मारतात. मीही मारली होती. पण हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘इटसेल्फ’ची ही योजनाही भारतीय उपखंडातलीच, बाहेर ती ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. ‘प्लीज सेंड इट टुडे’ पुरतं. घाई दाखवायचीच असेल तर ‘बाय द एंड ऑफ द डे’ म्हणा. आपल्याला वाटतं जोर राहून गेला. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘टुडे’ शब्द दिसला की तो आज असंच समजतो.

पायरी तिसरी : शब्द कुठे बसवायचा

मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्याचाच असतो, त्यामुळे गैरसमजाला वाव कमी. इंग्रजीत ‘ओन्ली’ सुटा फिरतो. ‘आय लेंट हिम द बुक यस्टर्डे’, काल मी त्याला पुस्तक उसनं दिलं, हे साधं वाक्य घ्या आणि त्यात ‘ओन्ली’ फिरवून पाहा.

‘ओन्ली आय लेंट हिम द बुक यस्टर्डे.’ मीच दिलं, दुसऱ्या कुणी नाही.

‘आय ओन्ली लेंट हिम द बुक यस्टर्डे.’ उसनंच दिलं, भेट नाही.

‘आय लेंट ओन्ली हिम द बुक यस्टर्डे.’ त्यालाच दिलं.

‘आय लेंट हिम ओन्ली द बुक यस्टर्डे.’ पुस्तकच दिलं, बाकी काही नाही.

‘आय लेंट हिम द बुक ओन्ली यस्टर्डे.’ कालच दिलं, म्हणजे काल कुठे दिलं.

लिहिताना हा नियम पाळावा : ज्या शब्दाला मर्यादा घालायची, ‘ओन्ली’ त्याच्या लगेच आधी. पण एक गंमत आहे. ज्यांची ही मातृभाषा आहे ते बोलताना हा नियम सर्रास मोडतात. ते ‘ओन्ली’ला क्रियापदाच्या शेजारी बसवतात आणि उरलेलं काम आवाजावर सोडतात. वरचं दुसरं वाक्य ‘हिम’वर जोर देऊन म्हटलं की अर्थ ‘त्यालाच’ होतो, ‘यस्टर्डे’वर जोर दिला की ‘कालच’. मगाशी आलेल्या ‘आय ओन्ली फाउंड आउट यस्टर्डे’ या वाक्यात नेमकं हेच झालं आहे. याला चूक म्हणणारे वैयाकरण पुष्कळ होऊन गेले. पण हेन्री फाउलर या इंग्रजी कोशकाराने १९२६ साली आपल्या भाषाविषयक कोशात अशा काटेकोर मंडळींची चांगलीच हजेरी घेतली. गैरसमजाला जागा नसेल तर बोलण्यातली नैसर्गिक जागा सोडायचं कारण नाही, असा त्याचा एकूण रोख. मलाही ते पटतं. बोलताना क्रियापदाजवळ ठेवा आणि आवाजाने सांभाळा. कागदावर आवाज नसतो, तिथे जागा सांभाळा.

नियम, सूचना, करार लिहिताना तर डोळ्यांत तेल घालून. ‘ओन्ली स्टाफ मे यूज धिस डोअर’ म्हणजे हे दार कर्मचाऱ्यांनीच वापरायचं, इतरांनी नाही. ‘स्टाफ मे यूज ओन्ली धिस डोअर’ म्हणजे कर्मचाऱ्यांनी हेच दार वापरायचं, बाकीची दारं त्यांना बंद. पाहुण्यांबद्दल हे दुसरं वाक्य काहीच बोलत नाही. तेच शब्द, एकच उडी, आणि बंदी एकावरून दुसऱ्यावर गेली.

क्रियापदाशेजारी म्हणजे नक्की कुठे, हेही सांगून टाकतो. एकटं क्रियापद असेल तर त्याच्या आधी : ‘ही ओन्ली ईट्स फ्रूट’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर त्यानंतर : ‘ही इज ओन्ली जोकिंग’. सहायक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये : ‘आय हॅव ओन्ली मेट हर वन्स’.

मग शेवटी ‘ओन्ली’ कधीच येत नाही का? येतो. पाट्यांवर येतो : ‘स्टाफ ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहून शेवटी ‘ओन्ली’ टाकतात, तसंच आपण ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो. पुढे कुणी काही जोडू नये म्हणून मारलेली ती गाठ. या सगळ्यांत अर्थ मर्यादेचाच आहे. माझ्या ‘मंडे ओन्ली’तून नकार निघाला तो यामुळेच. वाचणाऱ्याला ती पाटी वाटली.

पायरी चौथी : ‘द’ आणि ‘ॲन’ विसरू नका

‘ओन्ली’ विशेषणही होतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘एकमेव’. आणि मग त्याच्या आधी बहुतेक वेळा ‘द’ हवा. ‘धिस इज ओन्ली वे’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की आता डोळ्यांना सवय झाली आहे. हवं ते ‘धिस इज द ओन्ली वे’.

या बारीक शब्दांची करामत एकाच उदाहरणात दिसते. ‘शी इज ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे ती एकुलती एक आहे, भावंडं नाहीत. ‘शी इज ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे लहान आहे हो ती अजून, रागावू नका. ‘शी इज द ओन्ली चाइल्ड हिअर’ म्हणजे इथे जमलेल्यांत तेवढी एकच मूल आहे. चाळिशीतली बाईही पहिल्या अर्थाने ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ असू शकते. तिलाच दुसरं वाक्य लावलं तर हसं होईल.

उच्चाराचा विषय निघतो तो इथेच. काही जण ‘वनली’ म्हणतात. त्यांचा तर्क बरोबर आहे, उच्चार नाही. हा शब्द खरोखरच ‘वन’पासून आला आहे. प्राचीन इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लिक’ म्हणजे सारखं, त्यातून ‘आनलिक’. पुढे सुट्या ‘वन’च्या तोंडाशी ‘व’चा आवाज चिकटला, पण ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या त्याच्या भावंडांनी जुना उच्चार राखून ठेवला.

पायरी पाचवी : वाक्याच्या सुरुवातीला आला तर

‘ओन्ली’ने सुरू होणारं वाक्य दोन प्रकारचं असतं. मर्यादा कर्त्याला असेल तर काही वेगळं करायचं नाही : ‘ओन्ली मीना न्यू द आन्सर’, मीनालाच उत्तर माहीत होतं. पण मर्यादा वेळेला, जागेला किंवा अटीला असेल तर मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं, प्रश्नात जातं तसं. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.’ तेव्हा कुठे मला समजलं. (पुन्हा आपला ‘कुठे’!)

फसगत होते ती लांब वाक्यात. ‘ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह.’ उलटापालट ‘वी लीव्ह’ची झाली, पावसाची नाही. पावसाचं वाक्य पोटवाक्य आहे, त्याला हात लावायचा नाही. हे सगळं किचकट वाटत असेल तर सरळ ‘वी लेफ्ट ओन्ली आफ्टर द रेन स्टॉप्ड’ म्हणा. अर्थ तोच, धोका शून्य. पुढे आणलेला ‘ओन्ली’ बोलण्यात तसाही जरा भाषणासारखा वाटतो.

जोडीने येणारा ‘ओन्ली’

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांची अदलाबदल करू नका. पहिला म्हणजे ‘तरच’. ‘आय विल गो ओन्ली इफ यू कम’, तू आलास तरच मी जाईन. दुसरा म्हणजे हळहळ. ‘इफ ओन्ली आय हॅड नोन!’ मला आधी कळलं असतं तर! आताच्या गोष्टीची हळहळ असेल तर साधा भूतकाळ येतो : ‘इफ ओन्ली आय न्यू हर नंबर’, तिचा नंबर आता माझ्याकडे असता तर.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ची जोडी आपल्या ‘च… ही’सारखी चालते. तो नुसता गातोच असं नाही, लिहितोही : ‘ही नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो राइट्स’. दोन्हीकडे क्रियापद, किंवा दोन्हीकडे नाम, असा तोल ठेवला की पुरे.

मला सर्वांत आवडतो तो ‘ओन्ली टू’. ‘आय रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी धावतपळत स्टेशनवर गेलो, बघतो तर काय, गाडी निघून गेलेली! इथे ‘फक्त’ लावून अर्थ काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही. हा ‘ओन्ली टू’ म्हणजे आपला ‘बघतो तर काय’. शेवटी एक ‘ओ’ जास्त असलेला दुसरा ‘टू’ आला की मात्र मामला उलटा, तिथे ‘ओन्ली’ चक्क जोर देतो. ‘आय नो हिम ओन्ली टू वेल’, त्याला मी चांगलाच ओळखून आहे. बघा, इथे इंग्रजीलाही ‘च’ सापडला, पण या एका साच्यापुरता.

करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, उत्तर मग वाचा.

ती त्याच गल्लीत राहते. ‘शी लिव्ह्ज इन द सेम लेन.’ ‘ओन्ली’ घातला असेल तर पहिल्या पायरीवर परत जा.

मला एकच किल्ली मिळाली. ‘आय गॉट ओन्ली वन की.’ ‘जस्ट वन की’ही चालेल. आकड्यांपुढे हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी येतात.

दहाच माणसं आली. ‘ओन्ली टेन पीपल केम.’ यात निराशा आपोआप येते, मराठीत येते तशीच. निराशा नको असेल, आकडाच सांगायचा असेल, तर ‘एक्झॅक्टली टेन’.

आता तूच सांग काय करू. ‘यू टेल मी व्हॉट टू डू.’ ‘यू’वर जोर. कागदावर ‘च’ दिसत नाही याची हळहळ वाटली तरी काही घालू नका.

पैसे मिळाल्यावरच काम सुरू करीन. ‘आय विल स्टार्ट ओन्ली आफ्टर आय ॲम पेड.’ याहून सहज म्हणजे नकारातून जाणं : ‘आय वोन्ट स्टार्ट अंटिल आय ॲम पेड.’ ‘नंतरच’ला इंग्रजीत बऱ्याचदा ‘तोवर नाही’ असं वळण दिलेलं चांगलं बसतं.

अहवाल सोमवारीच पाठवतो. ‘यू विल हॅव द रिपोर्ट ऑन मंडे.’ पुढच्या खेपेला मी हेच लिहिलं, आणि शनिवारीच पाठवून दिला.